मागचा दिसेपर्यंत

सायकलची चेन बदलायला काळेवाडीला गेलो होतो, तिथून हे सगळं सुरू झालं. सायकल माझी नव्हती, जयदीपची होती. तो गेल्यापासून ती त्यांच्या चिंचवडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जुनी चादर पांघरून उभी होती. एके दिवशी त्याची मुलगी पूर्वी हिचा फोन आला. "काका, बाबांची सायकल चालती करून द्याल का?" मी टूलरूमचा माणूस. बंद पडलेली वस्तू चालू करा म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.

काळेवाडीच्या दत्तोबाने सायकल स्टँडवर चढवली, नवी चेन घातली, पॅडल मारून सोडून दिलं. मागच्या चाकाच्या मधला हब करकर वाजायला लागला. बारीक, भरभर, झुडपात किडा ओरडावा तसं. दत्तोबा म्हणाला, "साहेब, हा आवाज आपल्याकडच्या हबचा नाय." मी म्हटलं, "फ्रान्सचा आहे." तो हसला. त्याला वाटलं मी मोठेपणा सांगतोय. मी मात्र तिथेच स्टुलावर बसून राहिलो. तो आवाज ऐकला आणि माझं वय एकदम पंचविशीवर आलं.

जयदीप आणि मी चाकणच्या एकाच कंपनीत. तरुण होतो तेव्हा कंपनीने आम्हाला वर्षभरासाठी फ्रान्सला धाडलं, प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवायला शिकायला. फ्रान्स म्हटल्यावर घरच्यांना आयफेल टॉवर दिसला. आमच्या वाट्याला आलं मोर्वां नावाच्या डोंगराळ मुलखातलं एक गाव. रविवारी तिथे कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसायचं. चहुबाजूंनी टेकड्या आणि टेकड्यांवर जंगल, बीच आणि ओकच्या झाडांचं, मधूनमधून काळपट सूचिपर्णी झाडं. पहिल्याच आठवड्यात जयदीप खिडकीत उभा राहून म्हणाला, "भावा, हे आपल्या मावळासारखंच आहे रे. फक्त इथे अजून कुणी प्लॉट पाडले नाहीत."

त्या जंगलात सायकलींच्या वाटा होत्या. फाट्याफाट्यावर झाडाला छोटी पाटी ठोकलेली, तिच्यावर एक त्रिकोण आणि त्याच्या खाली दोन गोल. जुन्या जत्रेतल्या बाहुल्यासारखी ती खूण दिसायची. गावातली काही मंडळी दर रविवारी निघायची, त्यांचा म्होरक्या रेने नावाचा म्हातारा. आयुष्यभर टपाल वाटलेलं, त्यामुळे सगळं जंगल त्याला तोंडपाठ. आम्हा दोघांना त्याने सोबत घेतलं ते एका अटीवर. फाटा आला की थांबायचं. मागे बघायचं. मागचा दिसला की हात वर करायचा, त्यानेही हात केला की मगच निघायचं. मागचा दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही, मग पाऊस पडो की अंधार होवो. पुढच्याने पुढचं बघायचं, पण जीव सांभाळायचा तो मागच्याचा.

मला दम कमी, म्हणून मी कायम शेवटी. माझ्या पुढे जयदीप. खरं सांगायचं तर त्या वर्षात मी फ्रान्स फारसा पाहिलाच नाही, जयदीपची पाठ पाहिली. त्याचं ते विटकं निळं जाकीट, मानेशी उसवलेलं. चढावर धापा टाकत वळण पार करावं, तर फाट्यावर तो माझ्याकडे तोंड करून उभा. हात वर. ओल्या पानांचा आणि अळंब्यांचा वास, लांब कुठेतरी कुणाच्या तरी चुलीत जळणारं लाकूड, आणि वर केलेला तो हात. एवढं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही. बायको हे वाचणार आहे, तरी लिहितो.

परत येताना जयदीपने ती सायकल सुटी करून विमानात घातली. वजन बसेना म्हणून अंगात तीन शर्ट चढवले, खिशात नट-बोल्टचे पाने भरले आणि विमानतळावर घामाघूम होऊन सगळ्यांकडे बघून हसत राहिला. हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगीच नाही. इथे आल्यावर त्याने आंबेठाणच्या पलीकडचा वाघजाईचा डोंगर शोधून काढला. वनखात्याची लागवड, जुनं ऐन-धावड्याचं रान, गुरांच्या वाटा. कंपनीतला उरलेला पिवळा रंग नेऊन त्याने दगडांवर, खोडांवर तोच त्रिकोण आणि तेच दोन गोल काढले. कंपनीतली चार टाळकी रविवारी जमायची. नियम रेनेचा, क्रमही तोच. पुढे बाकीचे, मग जयदीप, मग मी. वर्षानुवर्षं चाललं हे. एकदाही कुणी हरवलं नाही.

मग करोनाची दुसरी लाट आली आणि जयदीप गेला. अँब्युलन्समध्ये चालत चढला होता. मला शेवटचा दिसलासुद्धा नाही. कुणालाच दिसला नाही. त्यानंतर मी त्या डोंगराकडे फिरकलो नव्हतो.

सायकल घेऊन त्यांच्या घरी गेलो तेव्हा पूर्वीने बेत आधीच ठरवलेला होता. आता कॉलेजात जाते ती, बापासारखीच हट्टी. "काका, डोंगर पलीकडून खोदतायत म्हणे. या थंडीत गेलो नाही तर बाबांची वाट परत मिळायची नाही."

जयदीपची बायको, विजयश्रीवहिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी निघताना जिन्यापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून पाठवतेय. मला आता ती एकटीच राहिलीय. जशी नेताय तशी आणा."

मी म्हटलं, "वहिनी, मी तिला नजरेआड होऊ देणार नाही."

रविवारी उजाडता उजाडता आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो, ती जयदीपच्या सायकलवर, मी माझ्या. भामा नदीकडून धुकं चढलेलं. खालच्या कंपन्यांचे दिवे त्यात पिवळट विरघळले होते आणि वाऱ्याबरोबर कुठल्यातरी पेंटशॉपमधल्या थिनरचा वास येत होता. पायथ्याला मंजुळाबाईंची चहाची टपरी, आमच्या वेळची, अजून होती. म्हातारीने मला ओळखलं.

"लई दिसांनी आलात. आन् त्ये जयदीपभाऊ?"

"गेला तो, मावशी. करोनात. ही त्याची मुलगी."

तिने पूर्वीकडे टक लावून पाहिलं. "तरीच. तोंडवळा त्योच हाय." मग चहा गाळता गाळता मला म्हणाली, "वर जाताय तर जा, पर शेवटच्या फाट्याच्या फुडं जाऊ नगा. पल्याडच्या अंगानं डोंगर तासलाय. गोडावनं व्हायची हायेत म्हनं. कड्यावानी सरळ कापलाय, आन् आज धुकं बी हाय."

मी पूर्वीला समोर उभं केलं आणि रेनेचा नियम समजावला. फाट्यावर थांबायचं, मी दिसलो आणि मी हात केला की निघायचं, नाही दिसलो तर हलायचं नाही. शेवटचा फाटा आला की मी सांगेन, तिथून परत फिरायचं.

"पण पुढे मी," ती म्हणाली. "बाबांच्या खुणा मलाच शोधायच्यात."

तिचाच हक्क होता तो.

पहिल्या फाट्यावर तिने खूण शोधली. धावड्याच्या खोडावर, सालीबरोबर फाटत गेलेली, पण त्रिकोण ओळखू येत होता. तिने त्यावरून बोटं फिरवली. तिने हात केला, मी हात केला, मग ती गेली. दुसऱ्या फाट्यावरही तसंच. पुढे पुढे ती वेगात जायला लागली. मला ती दिसेनाशी व्हायची, पण त्या हबची करकर ऐकू येत राहायची. उतारावर पॅडल थांबलं की करकर, चढावर गप्प. त्या आवाजाच्या मागे मागे मी चाललो होतो, आणि मनात म्हणत होतो की बरं झालं आलो.

मग वास बदलला. तुम्ही हसाल, पण हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. थिनर नाही, वाळक्या गवताचा नाही, शेणाचा नाही. ओल्या बीचच्या पानांचा वास. अळंब्यांचा. लांब कुणीतरी चुलीत ओक जाळतंय. वाघजाईच्या डोंगरावर बीच कुठून यायचा? मी सायकलवरून उतरलो. समोर फाटा होता. माझ्यासाठी तिथे थांबलेली पूर्वी, दोघांचे हात करून झाल्यावर, नुकतीच पुढे गेली होती. मला तिच्या मागोमाग निघायला हवं होतं. माझ्या मागे कुणीच नव्हतं, मग थांबायचं कुणासाठी?

पण सवय मेली जात नाही. मी मागे वळून उभा राहिलो.

आणि मागून करकर ऐकू आली.

तोच आवाज. बारीक, भरभर. सायकल माझ्या पुढे गेलेली, पूर्वीच्या बुडाखाली, आणि आवाज माझ्या मागून येत होता. पाचोळ्यावर चाकं वाजत होती. कुणीतरी सावकाश, घाई न करता, येत होतं.

मला भीती वाटायला हवी होती. आधी वाटला तो आनंद. एवढा की डोळे भरून आले. मी तसाच उभा राहिलो. येऊ दे, म्हटलं. एकदा दिसू दे. शेवटचा पाहिला नव्हता ना मी त्याला.

"जयद्या..." मी हळूच हाक मारली.

आवाज जवळ आला. धुकं हललं. गार वाऱ्याचा एक झोत माझ्या डाव्या खांद्याला घासून गेला, ओल्या कापडाचा वास आला, आणि करकर माझ्या शेजारून निघून पुढे गेली. माझ्यासाठी ती थांबली नाही. पूर्वी गेली होती त्याच वाटेने गेली.

तेव्हा माझं धाबं दणाणलं. मी इथे मेलेल्या मित्राची वाट बघत उभा, आणि ज्या पोरीला नजरेआड होऊ देणार नाही म्हणालो होतो ती धुक्यात एकटी पुढे. त्यात हा फाटा शेवटच्या आधीचा होता. वहिनींचा जिन्यातला चेहरा डोळ्यांपुढे आला. मी सायकलवर उडी मारली. "पूर्वी! थांब!" ओरडलो, पण धुक्यात माझाच आवाज मला परका वाटला. करवंदीच्या जाळीने हात फाडले, एकदा आपटलो, उठलो. पुढून करकर ऐकू येत होती. एका सायकलची होती की दोन, ते मला कळेना. मग एकदम सगळं शांत झालं.

शेवटच्या फाट्यावर पूर्वी उभी होती. सायकल आडवी धरून, माझ्याकडे तोंड करून.

मी तिचा दंड घट्ट पकडला, दुखलं असेल तिला. ती गोंधळून म्हणाली, "काका, तुम्ही पडलात का? आत्ता तर इथे होतात."

"कुठे होतो?"

"माझ्या मागे. आधीच्या फाट्यानंतर तुम्ही जवळच होतात की. वाटेत एका वळणावर मी मागे बघून हात केला, तुम्ही केलात. मग इथे आले, मागे बघितलं. तुम्ही तिथे, त्या झाडापाशी, थांबलेले. मी हात केला. तुम्ही हात केला नाहीत. मी दोनदा केला. तुम्ही नुसते मान हलवत होतात, नाही म्हणून. नियम आहे ना, म्हणून मी हलले नाही."

मी तिला मागे सारलं आणि चालत पुढे गेलो. खुणेचा दगड होता, पिवळा त्रिकोण, दोन गोल, बाण सरळ पुढे. त्याच्या पलीकडे दोन-तीन ढांगांवर वाट संपली होती. गवत संपलं होतं. खाली नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात खोल कुठेतरी एका मशीनचा लाल दिवा. उतार होता तिथे. सायकल थांबली नसती.

मी मागे आलो तेव्हा पूर्वीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगात लाल टीशर्ट होता. तिची नजर त्यावरून फिरली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही निळं जाकीट कधी काढलंत?"

मी त्या झाडाकडे पाहिलं. तिला समजलं. ती खाली दगडावर बसली, सायकलचं हँडल छातीशी धरून, आणि जी रडली, तशी हॉस्पिटलमधून फोन आला त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. मीही रडलो. लाज कसली त्यात. जयदीपने पोरगी सांभाळली होती आणि माझं तोंड वहिनींना दाखवण्याजोगं ठेवलं होतं. त्या क्षणी मला कशाचीच भीती राहिली नव्हती.

परत फिरलो. आता मी तिला एका हातापेक्षा लांब जाऊ देत नव्हतो. उतरता उतरता धुकं विरळ झालं, ऊन पडायला लागलं, खाली कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला. अगदी नेहमीचा रविवार. पूर्वीला बोलावंसं वाटत होतं. बाबा फ्रान्समध्ये काय खायचे, फ्रेंच बोलायला यायचं का, हे विचारत राहिली. मी सांगत राहिलो. जयदीप बेकरीत रोज एकच वाक्य घोकून जायचा आणि रोज नको तो पाव घेऊन यायचा, ते ऐकून ती हसलीसुद्धा.

अगदी खालचा फाटा आला. तिथून मंजुळाबाईंची टपरी दिसते. पूर्वी थांबली, नियमाप्रमाणे वळली. मी तिच्या शेजारीच होतो, तरी ती माझ्या खांद्यावरून वर, आम्ही आलो त्या वाटेकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उजळला. तिने हात वर केला.

"केला," ती पुटपुटली. "त्यांनी पण केला, काका."

मला मान वळवायचं धाडस होईना. "अजून आहे?"

"आहेत. वरच्या वळणावर." मग तिच्या आवाजातला उजेड कमी झाला. "पण ते येत नाहीयेत. वळून उभे राहिलेत. आपल्याकडे पाठ केलीय."

"परत जात असेल."

"नाही... थांबलेत. वर बघतायत. कुणाची तरी वाट बघतायत." तिने माझ्या बाहीला धरलं. "काका, बाबांच्या मागे कोण असायचं?"

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "चल. आई वाट बघतेय."

ती सायकल ढकलत टपरीकडे उतरायला लागली. मीही निघायला हवं होतं. मी मान वळवली.

वळणावर तो उभा होता. विटकं निळं जाकीट, मानेशी उसवलेलं. वर्षभर जी पाठ बघत मी जंगल पार केलं, ती पाठ. इथे खाली उन्हात मी दोन्ही पायांवर उभा होतो, श्वास घेत होतो, हाताला करवंदीचे ओरखडे झोंबत होते. वर त्याच्या समोर, वाटेच्या त्या तुकड्यावर, धुकं अजून तसंच दाट होतं, आणि त्यातून धापा ऐकू येत होत्या, चढावर मी टाकायचो तशाच.

जयदीपने हात वर केला. मागचा दिसल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी हात केला नव्हता.